पांचा गावभर गेली

मी एक जुनी चाळणी आहे. पीठ चाळायची नव्हे हं, मित्रांनो! पिठाच्या चाळणीशी कुणी माझी बरोबरी केली की मला अजूनही राग येतो. ती बिचारी चुलीपाशी राबते, तिला मी काही बोलत नाही. पण मी रंग चाळते. लाल, जांभळा, हिरवा आणि माझा लाडका पिवळा. माझी जाळी उजेडासमोर धरलीत तर कडेच्या तारेला चिकटलेला जरासा पिवळा तुम्हाला अजून दिसेल. तो धुवायला कुणी मला नळाखाली नेलं की मी हातातून निसटते. असं का करते, तेच आज सांगायचं आहे.

माझं घर ग्वाटेमालातल्या एका डोंगराळ गावात, जुन्या टाकीच्या गल्लीत आहे. दारात बसलं की समोर आग्वा ज्वालामुखी दिसतो. सकाळी त्याच्या डोक्यावर ढग असतो, दुपारी नसतो, आणि संध्याकाळी तो इतका निळा होतो की आकाश कुठं संपलं आणि डोंगर कुठं सुरू झाला ते कळत नाही. तो कित्येक वर्षं झोपला आहे म्हणतात. झोपून राहणं काय असतं ते मलाही चांगलं ठाऊक आहे.

मला फर्मिन सुतारानं घडवलं. सायप्रसच्या पट्ट्या पाण्यात भिजवून त्यानं त्या गोल वाकवल्या आणि कुणाच्या तरी खिडकीला लावून उरलेली बारीक जाळी त्यावर ठोकली. मग दुकानातला भुसा ओंजळीत घेतला आणि माझ्यातून चाळून पाहिला. तो माझ्याच लाकडाचा भुसा होता. माझं अंग कापताना जे खाली पडलं, तेच माझ्यातून पहिल्यांदा गळलं. किती मऊ पडत होतं ते! अजून डोळे मिटले की मला तो सुगंध येतो.

"घ्या बाई," फर्मिन म्हणाला, "डोंगर आणून दिलात तरी चाळेल ही."

ज्यांच्या हाती त्यानं मला दिलं त्या ओब्दुलिया बाई. तेव्हा त्या अगदी तरुण होत्या आणि गावच्या बालवाडीत नुकत्याच लागल्या होत्या. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात आमच्या गावात मिरवणुका निघतात. खांद्यावर क्रूस घेतलेल्या येशूची भलीमोठी लाकडी पालखी जांभळ्या झग्यातले खांदेकरी झुलवत झुलवत नेतात. तिच्या वाटेवर लोक रंगीत भुशाचे गालिचे घालतात. दगडी रस्त्यावर आधी वाळू, वाळूवर साधा भुसा, त्यावर रंगवलेला भुसा, आणि काठाला पाइनची हिरवी पानं. हे कसं करायचं ते बाई बालवाडीतल्या पोरांना शिकवायच्या.

पावाचे पसरट ट्रे त्या बेकरीतून मागून आणायच्या. प्रत्येक पोरासमोर एक ट्रे. त्यात ओला भुसा थापायचा, वर पुठ्ठ्याचा कापलेला साचा ठेवायचा आणि मग माझी पाळी. एका हातानं मला धरायचं, दुसऱ्या हाताच्या बोटांनी काठावर टिचक्या मारायच्या.

"टिचकी मारायची, थापड नाही," बाई सांगायच्या. "रिगो, मेल्या, ती चाळणी आहे, तुझा भाऊ नाही!"

हा रिगो म्हणजे रिगोबेर्तो. सगळ्या वर्गात द्वाड. एकदा त्यानं हिरवा भुसा चिमटीत घेऊन तोंडात टाकला, आणि मग दिवसभर हिरवी जीभ काढून मुलींना भिववत फिरला. त्याचं नाव ध्यानात ठेवा, पुढं तो परत येणार आहे.

साचा उचलला की खाली फूल उमटलेलं असायचं. पोरं "आऽऽ" करायची. आणि कौतुक कुणाचं व्हायचं? साच्याचं! "काय सुंदर साचा आहे!" मी मुकाट्यानं बाजूला पडून राहायची. आता हसू येतं, पण तेव्हा मी मनातून फार फुगायची. बाईंना ते कळायचं बहुतेक. पोरं गेल्यावर त्या मला मऊ ब्रशनं झाडायच्या आणि म्हणायच्या, "तू नसतीस तर यांचे नुसते ढीग झाले असते गं." एवढं ऐकलं की माझी स्वारी पुन्हा खूश.

वर्षं गेली. किती, ते मी मोजलं नाही, चाळणीला मोजता येत नाही. बाईंचे केस पांढरे झाले, बालवाडी दुसऱ्यांच्या हाती गेली आणि बाईंच्या हातांना थरथर लागली. कॉफीचा कप उचलला की अर्धी कॉफी बशीत. एका वर्षी ईस्टरआधीच्या उपवासांत त्यांनी मला हातात घेतलं, स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि परसातल्या खिळ्याला टांगून ठेवलं. "झालं आपलं," एवढंच म्हणाल्या.

पुढं खिळा गंजून तुटला. मी खाली पडले ती कोंबड्यांच्या खुराड्यापाशी. कुणी उचललं नाही. आणि एके दिवशी पांचा नावाची पिवळी कोंबडी आली, मान वाकडी करून मला न्याहाळलं, आणि खुशाल माझ्यात बसली!

मित्रांनो, माझा काय संताप झाला म्हणून सांगू! मी रंगांची चाळणी, आणि माझ्यात गवत, पिसं आणि बाकीचं नको ते सगळं. पण पांचा ऊबदार होती. थंडीच्या दिवसांत आग्वावरून वारा उतरायचा तेव्हा ती पिसं फुलवून बसायची आणि तिच्या छातीतली धडधड माझ्या जाळीला लागायची. मग मला झोप यायची. झोपेत रंग दिसायचे, वरून हळूहळू गळणारे. हळूहळू माझा राग गेला. खरं सांगायचं तर मला ती फार आवडायला लागली.

पांचा आणखी एकीला आवडायची. शेजारची सहा वर्षांची मार्लेनी. रिगोबेर्तोची मुलगी! हो, त्याच हिरव्या जिभेच्या रिगोची. तो आता मोठा बाप्या झाला होता, लाकूडकामाला जायचा आणि मिरवणुकीत पालखीच्या पुढच्या कोपऱ्याला खांदा द्यायचा. मार्लेनी रोज सकाळी मक्याच्या भाकरीचा तुकडा घेऊन कुंपणातून यायची. "पांचाबाई, उठलात का? चहापाणी झालं का?" असं विचारायची. पांचा क्लक म्हणायची. तेवढ्यावर दोघींच्या तासभर गप्पा.

जानेवारीतल्या एका सकाळी पांचा उठली नाही. म्हातारी झाली होती, माझ्यात बसल्या बसल्याच गेली. मार्लेनी आली, तुकडा पुढं धरला, वाट पाहिली, मग कळलं. ती रडली ती अशी की बाई काठी टेकत परसात आल्या.

दोघींनी पांचाला लिंबाच्या झाडाखाली पुरलं. मग मार्लेनीनं माझ्यातलं गवत काढलं आणि मला उजेडासमोर धरलं.

"बाई, हिला भोकं आहेत!"

"असणारच. चाळणी आहे ती."

"काय चाळता हिच्यानं?"

बाईंनी माझ्या काठावरून बोट फिरवलं. "रंग चाळायचो आम्ही. गालिच्याचे."

मार्लेनीनं नाक पुसलं. "मग मला शिकवा. मला पांचाचा गालिचा करायचाय. तुमच्या दारात. मोठा."

"माझे हात बघ बाळ. यांच्यानं काय होतंय आता?"

ती पोर ऐकणारी नव्हती. तिनं मला धुतलं, वाळवलं, आणि फर्मिनच्या दुकानातला मूठभर भुसा टाकून सरळ बाईंच्या थरथरत्या हातांत दिलं. "धरा नुसती," म्हणाली.

बाईंनी धरलं. आणि त्या थरथरीनं भुसा गळायला लागला. टिचकी नाही, धक्का नाही. इतका एकसारखा, इतका बारीक! मी आयुष्यात असा भुसा सोडला नव्हता. खालच्या फरशीवर रेशमासारखा थर बसला. ज्या थरथरीपायी मला खिळ्याला टांगलं होतं, तीच माझ्या कामाची निघाली. बाईंच्या डोळ्यांतलं पाणी भुशावर पडलं आणि तिथं एक बारीक ठिपका उमटला.

"बघा!" मार्लेनी म्हणाली. "उगाच 'होत नाही' म्हणत होतात तुम्ही."

मग रोज दुपारी शाळा भरायची. मार्लेनी आणि गल्लीतली तिच्याएवढी दोन-तीन पोरं. पुन्हा पावाचे ट्रे, पुन्हा साचे. पुठ्ठ्यावर कोंबडी बाईंनी काढली आणि मार्लेनीनं ती सतरांदा बदलायला लावली. "पांचाची शेपूट अशी नव्हती. थोडी तुटकी होती." शेपूट तुटकी झाली. पांचासारखा पिवळा जमायला बाईंनी पिवळ्यात कणभर नारिंगी मिसळला.

मिरवणुकीच्या सकाळी बाईंच्या दारापुढं वाळू पडली. विटांवर फळी ठेवून पोरं तिच्यावर पालथी झोपली आणि हात खाली सोडून काम करू लागली, म्हणजे गालिच्यावर कुणाचं पाऊल पडू नये. बाई बुटक्या स्टुलावर बसून मला धरायच्या, पोरं स्टूल पुढं सरकवायची. पलीकडं शेजारचा विल्मर आपल्या काकांबरोबर त्यांचा मोठा गालिचा घालत होता. तो सारखा येऊन पाहायचा आणि म्हणायचा, "कोंबडी? देवाच्या वाटेवर कोंबडी?"

"देवाला कोंबड्या आवडतात," मार्लेनी म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"मीच सांगते."

साचा उचलला आणि पांचा उठली. पिवळीधमक, तुटक्या शेपटीची, मान वाकडी करून पाहणारी. मार्लेनी फळीवर उठून बसली आणि गल्लीच्या वरच्या टोकाकडं पाहू लागली. मिरवणूक गालिच्यावरून जाते हे तिनं दरवर्षी पाहिलं होतं. पण ते दुसऱ्यांचे गालिचे होते.

जांभळा झगा घालून घरातून निघालेल्या रिगोबेर्तोला तिनं दारातच गाठलं.

"पपा, तुम्ही पांचावर पाय देणार?"

"मी एकटा नाही गं, सगळेच..."

"नका देऊ. आत्ता कुठं परत आलीये ती."

रिगोबेर्तोनं डोकं खाजवलं. "बरं बरं. पुढचा कोपरा माझ्याकडं आहे. काय ते बघतो."

गालिचा घालतातच मुळी पालखीखाली जाण्यासाठी, पण मी कुणाला सांगणार? बाई आत पाणी प्यायला गेल्या होत्या, त्यांनी ऐकलं नाही.

दुपारी धूप आला. आमच्याकडं मिरवणुकीच्या आधी धूर येतो. पांढरा, गोड, गल्लीभर तरंगणारा. त्या धुरात घरं दिसेनाशी होतात आणि नुसते जांभळे झगे हलताना दिसतात. मागून बँडचा संथ सूर. एरवी कुत्र्यांच्या भांडणानं भरलेली आमची गल्ली त्या वेळी पाण्याखाली गेल्यासारखी होते. मी बाईंच्या मांडीवर होते. पालखी झुलत आली, वरच्या घरांचे गालिचे एकेक करून खांदेकऱ्यांच्या पायांखाली गेले, विल्मरचाही गेला. आता आमचा.

आणि पालखी वळली. रिगोबेर्तोनं बाजूच्याला काहीतरी सांगितलं, त्यानं मागच्याला, आणि ती अवजड पालखी हळूच समोरच्या भिंतीकडं सरकली. भिंतीचा चुना खरवडला गेला, पण त्यांनी पांचाला धक्का लागू दिला नाही. धूप फिरवणारी पोरंसुद्धा अंग चोरून कडेनं गेली. सगळ्यांनी किती काळजी घेतली! त्यांच्या मनात माया होती, मला दिसत होतं.

मार्लेनीनं टाळ्या पिटल्या. "वाचली! बाई, वाचली!"

बाईंचा चेहरा मी पाहिला, आणि पाहिला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं.

वरच्या बाजूला लोक वाकून वाकून तुडवलेल्या गालिच्यांचा भुसा चिमटीत घेत होते, रुमालात बांधत होते. देवाच्या वाटेवरचा भुसा घरात ठेवतात आमच्याकडं. आमच्या गालिच्यापाशी कुणी थांबलं नाही. उगाच नजर चुकवून पुढं जायचे.

विल्मर आला. त्याच्या मुठीत त्यांच्याच गालिच्याचा भुसा होता. "आमचा घेतला देवानं," तो म्हणाला. "तुझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही."

"पपांनी वाचवला तो."

"मग काय झालं? आता ते उचलतील." त्यानं बोट दाखवलं. मिरवणुकीच्या शेवटी, गल्लीच्या तोंडाशी, झाडूवाले फावडी घेऊन उभे होते. मागं ट्रक होता. मिरवणूक संपली की रस्ता साफ करायचा असतो.

मार्लेनीनं फावड्यांकडं पाहिलं. मग पांचाकडं. "बाई, हिला फावड्यानं उचलणार? कचऱ्यासारखं?"

"हो बाळ."

"आणि सगळे वरून चालले असते तर?"

"तर सोबत घेऊन गेले असते." बाईंनी विल्मरच्या चपलेकडं बोट दाखवलं. तिच्या काठाला जांभळा, लाल, हिरवा भुसा चिकटला होता. "असं."

मार्लेनीला रडूच कोसळलं. "माझं चुकलं. त्यांना परत बोलवा ना! बाई, बोलवा ना!"

येशूची पालखी वळणापलीकडं गेली होती. पण मागून बायकांनी खांद्यावर घेतलेली मारियामातेची लहान पालखी येत होती. काळे कपडे, डोक्यावर काळ्या ओढण्या. आणि पुरुष कडेनं गेले म्हणून त्याही भिंतीकडंच सरकू लागल्या होत्या.

बाईंनी मला मार्लेनीच्या हातात दिलं. काठी टेकली. उठल्या. त्यांच्या गुडघ्यांचा आवाज मला ऐकू आला. आणि मग बँडच्या वर, धुराच्या वर, बालवाडीतला तो जुना आवाज निघाला.

"मुलींनोऽऽ! रांग कुठं चालली आहे?"

पालखी जागच्या जागी थांबली. त्या बायकांत निम्म्या बाईंच्या हाताखाली भुसा चाळून गेलेल्या. पुढच्या रांगेतली बेकरीवाली क्लेमेन्सिया, चांगली नातवंडं असलेली बाई, ओढणीखालून पटकन म्हणाली, "आले बाई!"

"सरळ या! इकडून!"

आणि मारियामाता वळली. माझ्या जाळीला शहारा आला. मार्लेनीनं मला चेहऱ्यासमोर धरलं आणि माझ्यातून पाहू लागली. त्यामुळं मी जे पाहिलं तेच तिनं पाहिलं. बारीक बारीक चौकटींतून काळ्या चपला आल्या, झुलत, हळूहळू, घाई न करता. आधी तुटकी शेपूट गेली. मग पंख. पिवळा उडून जांभळ्यात मिसळला, धुरात सोनेरी धूळ तरंगली. डोळा शेवटपर्यंत राहिला होता. मग तोही कुणाच्या तरी टाचेबरोबर निघून गेला.

मार्लेनी हुंदके देत होती, पण तिनं मला डोळ्यांपुढून हटवलं नाही. पालखी गेल्यावर तिनं चपला काढल्या आणि अनवाणी गालिच्यावरून चालत गेली. तोवर आजूबाजूचे लोक वाकायला लागले होते. विल्मरही वाकला. चिमूटभर पिवळा घेऊन त्यानं आपल्या मुठीतल्या भुशात मिसळला.

थोड्या वेळानं घामानं निथळणारा रिगोबेर्तो धावत आला. "काय पोरी, वाचवली की नाही पपानं?" मग त्यानं रस्ता पाहिला.

"रिगो, मेल्या," बाई म्हणाल्या, "तुला मीच शिकवलं ना रे? का सगळं भुशाबरोबर खाऊन टाकलंस?"

तो खाली मान घालून उभा राहिला. मार्लेनीनं त्याचा हात धरला. "राहू द्या बाई," ती म्हणाली, "मीच सांगितलं होतं त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला काखेत घेऊन गावभर हिंडली. चर्चच्या पायरीवर पिवळा कण सापडला. बाजारात, केळीवालीच्या पाटीजवळ एक. टाकीच्या कठड्यावर दोन. "इथं पण आलीस?" प्रत्येक ठिकाणी ती विचारायची. पांचा जन्मात खुराड्याबाहेर फार गेली नव्हती, आणि आता सगळं गाव पाहून आली होती. शेवटी आम्ही बेकरीत गेलो. उंबऱ्यावर पिवळ्या भुशाची अख्खी टाच उमटलेली होती.

क्लेमेन्सियानं मधात बुडवलेला पाव मार्लेनीच्या हातावर ठेवला. "सकाळपासून झाडलं नाहीये मी," ती म्हणाली. "म्हटलं, तू येशील."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी खिळ्याला टांगलेलं असेल. कदाचित एखाद्या खुर्चीवर, थरथरते हात मांडीवर ठेवून बसलेलंही असेल. जपून ठेवलं आहे असं तुम्हाला वाटत असेल. तसं जपू नका. खाली काढा, हातात घ्या, काम द्या. आम्हाला झिजू द्या. बाईंचे हात आता जास्तच थरथरतात, आणि दरवर्षी पोरं भांडतात की आधी माझ्या ट्रेवर, बाई, आधी माझ्या!

मलाही खुशाल वापरा. माती चाळा, वाळू चाळा, अगदी पीठ चाळलंत तरी आता मी काही म्हणणार नाही. फक्त कडेच्या तारेजवळचा तो पिवळा तेवढा धुऊ नका. गाव फिरून दमली की पांचा तिथं बसायला येते.